हलकं रिव्हॉल्व्हर, जड गोळी

व्हॅंकूवरला लागून असलेल्या बर्नाबीच्या मराठी मंडळात कुणी नवीन भेटलं की माझी बायको नीला ओळख करून देताना म्हणायची, "हे स्पोर्ट्सच्या दुकानात असतात." नवीन माणूस बहुधा पुण्या-मुंबईहून सॉफ्टवेअरमध्ये आलेला असायचा. तो उत्साहाने विचारायचा, "अरे वा, बॅडमिंटनच्या रॅकेट्स ठेवता का हो?" मग मला सांगावं लागायचं की रॅकेट्स नाहीत, दुकान शिकारीचं आणि मासेमारीचं आहे, आणि मी तिथे काडतुसांच्या काउंटरवर असतो. समोरच्याचा बटाटेवडा हातातच राहायचा. एका बाईंनी तर आपल्या मुलाला हळूच माझ्यापासून लांब ओढून घेतलं होतं. मी खिशात काही घेऊन मंडळात आलोय अशी त्यांची समजूत झाली असावी.

"स्पोर्ट्स म्हणून गप्प बसता येत नाही का तुम्हाला?" नीला परत येताना गाडीत विचारायची. नाही येत. आयुष्याची चांगली दहा-बारा वर्षं ज्या कामात गेली, त्या कामाला रॅकेटींच्या मागे कशाला लपवायचं? संपादकांनी या अंकासाठी नोकरीतले अनुभव लिहा म्हटलं, तेव्हा नीला म्हणाली, "लिहा, पण जरा सौम्य लिहा." बघू कसं जमतंय.

या दुकानाआधी मी पुण्याजवळच्या एका सरकारी दारूगोळा कारखान्यात काडतुसांचा तपासनीस होतो. इमिग्रेशनला लागणारे पॉइंट्स भरले म्हणून कॅनडात आलो. आल्यावर कळलं की पॉइंट्स सरकारला हवे असतात, नोकरी देणाऱ्याला 'कॅनेडियन एक्स्पीरियन्स' हवा असतो. काही महिने एका गोदामात खोकी उचलली. मग डगच्या दुकानाच्या काचेवर माणूस पाहिजे अशी पाटी दिसली. डग म्हणजे दुकानाचा मालक, उंच, पोट सुटलेला आणि बोलण्यात भलताच कंजूष. त्याने माझा बायोडेटा वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, "कॅन यू स्टँड ऑन युअर फीट ऑल डे?" मी हो म्हणालो. मुलाखत आटोपली.

आता थोडं धंद्याबद्दल, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही.

कॅनडात मनात आलं म्हणून रिव्हॉल्व्हर कमरेला लावून हिंडता येत नाही. घरी ठेवायचं तर कुलपात, न्यायचं तर कुलपात, झाडायचं ते नेमबाजी क्लबच्या रेंजवर. चार इंचांच्या आसपास नळी असलेली आटोपशीर रिव्हॉल्व्हर्स सामान्य माणसाला मिळतच नाहीत, म्हणून कंपन्या कॅनडासाठी मुद्दाम नखभर लांब नळी बसवून पाठवतात. कमरेला लावायची परवानगी फार थोड्यांना मिळायची, आणि त्यात आमच्या गिऱ्हाइकांपैकी बहुतेक रानात काम करणारे. सापळे लावणारे, खनिज शोधणारे, भूगर्भशास्त्राची माणसं. ज्यांचे दोन्ही हात कामात गुंतलेले असतात आणि खांद्यावर रायफल घेऊन ओढ्यातून चढणं ज्यांना जमत नाही, त्यांना परीक्षा घेऊन तसा परवाना द्यायचे. कारण त्यांच्या रानात अस्वलं असतात आणि फोन लागत नाही.

मॅग्नम हा शब्द सिनेमावाल्यांनी फार बदनाम करून ठेवलाय. त्यात जादू काही नाही. जाडीला गोळी साध्या काडतुसातल्यासारखीच, पण तिच्या मागचं पितळी नळकांडं थोडं लांब, त्यात दारू जास्त, म्हणून दाब जास्त आणि वेग जास्त. पण निसर्गाचा नियम असा की गोळी जितक्या जोरात पुढे जाते तितक्या जोराने रिव्हॉल्व्हर मागे येतं. रिव्हॉल्व्हर जड असेल तर धक्का ते पोटात घेतं, हलकं असेल तर तुमच्या मनगटाला देतं. गिऱ्हाइकाला मात्र दोन्ही हवं असायचं. दिवसभर कमरेला लागायचं म्हणून हलकं, आटोपशीर रिव्हॉल्व्हर, आणि अस्वलासाठी म्हणून त्यात सगळ्यात दांडगं काडतूस.

शिवाय काडतुसांच्या डब्यावर छापलेला वेग लांब नळीतून मोजलेला असतो. आखूड नळीत सगळी दारू जळायच्या आत गोळी बाहेर पडलेली असते, आणि उरलेली दारू तोंडाशी भडका होऊन जळते. म्हणजे वेग तर हाती लागत नाहीच, वर डोळे दिपतात आणि कानांचं वाटोळं होतं. हे मी रोज कुणाला ना कुणाला समजावायचो. लोक मान डोलवायचे आणि सगळ्यात दांडगा डबा उचलायचे.

एक जण तर ट्रक चालवणारा, माझ्या दुप्पट रुंदीचा. रेंजवर झाडण्यासाठी त्याने एक हलकं चव्वेचाळीस, म्हणजे ०.४४ इंच जाडीच्या गोळीचं, मॅग्नम घेतलं होतं. मी म्हटलं, पहिल्या दिवशी जरा मवाळ काडतुसं न्या. तो म्हणाला, "डू आय लूक लाइक आय नीड माइल्ड?" पुढच्या आठवड्यात कपाळाला पट्टी लावून आला. धक्क्याने रिव्हॉल्व्हर उलटून कपाळावर आपटलं होतं. एकच गोळी झाडून उरलेला डबा परत करायला आला होता. विकलेला दारूगोळा परत घेता येत नाही, ही पाटी काउंटरवर होतीच. मी ती त्याच्याकडे वळवली.

अश्विनी आली ती त्यानंतर, दोन हजार सात-आठच्या सुमाराला. तांब्या-सोन्याचे भाव चढले होते आणि व्हॅंकूवरच्या छोट्या छोट्या खाणकंपन्या उत्तरेकडे माणसं पाठवत सुटल्या होत्या. एका दुपारी साधारण तिशीची, बारीक चणीची मुलगी काउंटरशी आली, मला दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलताना तिने थोडा वेळ ऐकलं आणि सरळ मराठीत विचारलं, "काका, तुम्ही पुण्याचे का?"

"कशावरून?"

"इंग्लिशसुद्धा पुणेरीच बोलून राहिले ना तुम्ही."

ती नागपूरची. तिथेच भूगर्भशास्त्र शिकली, इथे येऊन पुन्हा शिकली, आणि दोन उन्हाळे दुसऱ्यांच्या हाताखाली माती-दगडांचे नमुने गोळा करत हिंडली होती. या वर्षी कंपनीने पहिल्यांदा तिला स्वतःची तुकडी दिली होती. तुकडी म्हणजे ती, आणि टायलर नावाचा एक मदतनीस. दोघांनी उत्तरेकडच्या ओढ्यांच्या कडेने महिनोन्‌महिने चालायचं. तुकडीच्या प्रमुखाकडे रिव्हॉल्व्हर असलं पाहिजे असा कंपनीचा नियम होता, आणि त्या परवान्याची परीक्षा ती नापास झाली होती.

"पुन्हा एकदा देऊन राहिली मी," ती म्हणाली. "त्यातही नापास झाली तर तुकडी दुसऱ्याला. मी ऑफिसात बसून नकाशे रंगवायचे. आणि एकदा का नकाशे रंगवायला बसवलं ना काका, की मग बसवलंच."

मी विचारलं, नक्की झालं काय. तिच्या साहेबाने, ग्रेगने, कंपनीसाठी हलक्या धातूचं आटोपशीर चव्वेचाळीस मॅग्नम घेतलं होतं, सहा गोळ्यांचं. आणि त्याच्यासाठी बाजारातलं सगळ्यात जड गोळीचं काडतूस. परीक्षेत तिने पहिल्या गोळ्या दात-ओठ खाऊन झाडल्या. नेम बरा लागला. मग पुढची झाडायला गेली तर चाप ओढलाच जाईना.

"दोन बोटं लावून ओढला. नाही म्हणजे नाही. हात सुजून पार लाडू झाला होता. परीक्षक म्हणाले, शी फ्रोझ. ग्रेगने हातावर आपटून आपटून ते उघडलं आणि काडतुसं पिशवीत टाकली. परत येताना गाडीत म्हणाला, मेबी इट्स जस्ट टू मच गन फॉर यू." तिने पिशवीचा पट्टा खांद्यावर नीट केला. "खरं असेल ते. पण मग मला कोणतं काडतूस झेपेल ते सांगा. मी जिमला जायला लागली आहे, पण मनगटं काही महिन्याभरात वाढत नाहीत."

मला सरळ शंका आली. चाप न ओढला जाणं हे मनगटाचं लक्षण नव्हे. मनगट दुखलं तर नेम चुकतो, डोळे मिटतात, पण चाप ओढला जातोच. मी तिला म्हटलं, रविवारी क्लबच्या रेंजवर ये, कंपनीकडून रिव्हॉल्व्हर आणि तीच काडतुसं घेऊन.

रविवारी निघताना मी नीलाची ओल्या कुंकवाची बाटली घेतली.

"ती कशाला?" नीलाने विचारलं.

"काडतुसांना लावायला."

"अहो, देवापुढे ठेवलेली बाटली आहे ती." पण तिने दिली. एव्हाना तिला सवय झाली होती.

काडतुसात गोळी कशी बसवलेली असते, तर पितळी नळकांड्याचे ओठ दाबून तिला चिमटीत धरलेलं असतं. ही चिमटी किती घट्ट आहे हे तपासणं हेच कारखान्यात माझं काम होतं. हलकं रिव्हॉल्व्हर झाडलं की झटका खाऊन सबंध रिव्हॉल्व्हर मागे येतं. आत थांबलेली बाकीची काडतुसंही त्याच्याबरोबर मागे खेचली जातात. पण त्यांच्यातल्या जड गोळ्यांना जागचं हलायचं नसतं. बस एकदम सुटली की उभा माणूस मागे पडतो ना, तसंच, फक्त उलट्या दिशेने. दर झटक्याला गोळी चिमटीतून केसभर पुढे सरकते. पुरेशी सरकली की तिचं नाक सिलिंडरच्या, म्हणजे काडतुसं बसवलेल्या फिरत्या चक्राच्या, बाहेर येतं, चौकटीला अडतं, आणि सिलिंडर फिरत नाही. सिलिंडर फिरला नाही तर चाप ओढला जात नाही. मग तुम्ही पैलवान असलात तरी.

सहाही काडतुसांवर मी कुंकवाची एकेक रेघ ओढली, अर्धी पितळेवर आणि अर्धी गोळीवर. रेघा वाळू दिल्या. अश्विनीला म्हटलं, चार झाड आणि थांब. तिने चार झाडल्या. प्रत्येक गोळीला तिचा खांदा हलायचा आणि बाजूला नेमबाजी करणारे म्हातारे वळून बघायचे. मग मी सिलिंडर उघडून उरलेली दोन काडतुसं बाहेर काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली. दोघांच्याही रेघा तुटल्या होत्या. मधे उघडं शिसं चमकत होतं.

तिने त्यातलं एक काडतूस डोळ्यांजवळ धरलं. दगड बघायची सवय असलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

"हे सरकलं," ती म्हणाली.

"हो."

"त्या दिवशीपण हेच झालं असेल."

"असणारच."

तिने काडतूस मुठीत बंद केलं. मग म्हणाली, "काका, मी तीन आठवडे रोज स्वतःला शिव्या देऊन राहिली होती." आणि डोळे पुसले. मला फार वाईट वाटलं, आणि मी कुंकवाच्या बाटलीचं झाकण घट्ट लावत बसलो.

परीक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांचं आयुष्य पोलिसांच्या पिस्तुलांत गेलेलं, त्यात हा प्रकार होत नाही. ग्रेगचंही कळण्यासारखं होतं. अस्वलाने माणूस फाडला आणि कंपनीने सगळ्यात जोरदार काडतूस दिलं नव्हतं असं निघालं, तर घरच्यांसमोर उभं त्याला राहायचं होतं. पण त्या जोरदार काडतुसामुळे ते हलकं रिव्हॉल्व्हर ऐन वेळी नुसता धातूचा गोळा होऊन बसणार होतं. तेव्हा प्रश्न उरला, त्याच्याऐवजी काय.

दोन पर्याय होते. एक हलकी, पोकळ नाकाची गोळी. ती लागल्यावर फुलते, वेगवान असते, धक्का कमी. दुसरी मध्यम वजनाची, कडक शिशाची, चपट्या नाकाची, दारू बेताची. डब्यांवरची चित्रं बघितली तर पोकळ नाकाच्या डब्यावर अस्वल होतं आणि कडक शिशाच्या डब्यावर नुसतं कंपनीचं नाव. अश्विनी म्हणाली, "चित्रावर जाऊ नका. खोल किती जाते ते सांगा." अस्वलाचं कातडं, चरबी, खांद्याचं हाड एवढं सगळं पार करून आत पोचायचं असतं, हे तिला मी सांगण्याआधी माहीत होतं. मग म्हणाली, "आपण ड्रिल करून बघतो ना जमिनीत, तसं बघू या की."

त्या काळी दरवर्षी प्रत्येकाच्या दारात टेलिफोनच्या जाडजूड डिरेक्टऱ्या टाकून जात. कुणी वापरत नसे. मी इमारतीतल्या सगळ्यांच्या गोळा केल्या आणि आमच्या बाथटबमध्ये भिजत घातल्या. ओला कागद मांसासारखा वागतो असं मुळीच नाही, पण दोन गोळ्यांची तुलना करायला तो पुरतो. दोन दिवस आमच्या घरी आंघोळीचे हाल झाले. आमचा मुलगा कॉलेजातून आला, बाथरूमचं दार उघडलं, आणि "आय डोन्ट इव्हन वॉन्ट टू नो" म्हणून मित्राकडे आंघोळीला गेला. नीलाने माझ्याशी बोलणं सोडलं, पण शनिवारी अश्विनीसाठी थालीपीठ लावून दिलं. "अस्वल राहिलं बाजूला, ही मुलगी आधी उपाशी मरेल," म्हणाली.

रेंजवर ओल्या डिरेक्टऱ्यांची चळत एकामागे एक लावली. पोकळ नाकाची गोळी छान फुलली, मोगऱ्याच्या कळीगत उमलली, आणि तिसऱ्या डिरेक्टरीत थांबली. कडक शिशाची गोळी सगळ्या डिरेक्टऱ्या फोडून मागच्या मातीच्या बंधाऱ्यात गेली. आम्हाला ती सापडलीच नाही. आणि मुख्य म्हणजे अश्विनीला एकीमागोमाग दुसरी गोळी लगेच झाडता येत होती. नेम पुन्हा जागेवर आणायला मधे तिला एक श्वास पुरत होता. कुंकवाची रेघ शेवटच्या काडतुसावर अखंड होती. ती मी तीनदा तपासली, तिने चारदा.

"हीच," ती म्हणाली.

तिच्या जागी मी असतो तरी हेच म्हटलं असतं, पण निवड तिने केली. मला तिचं तेव्हाच कौतुक वाटलं.

ग्रेगचं काय करायचं हा प्रश्न होता. दुकानात परतल्यावर मी म्हटलं, मी फोन करतो. मराठीतलं 'ग्रेग' आणि 'फोन' एवढं डगला लांबूनही कळलं, तो म्हणाला, "नो यू डोन्ट. दॅट्स अ गुड अकाउंट." म्हणजे मोठं गिऱ्हाईक तुटायला नको. अश्विनी म्हणाली, काका, माझं भांडण मला करू द्या. तिने काय केलं, तर सरकलेल्या गोळीचं ते काडतूस दगडांचे नमुने ठेवायच्या कापडी पिशवीत घातलं, त्याला रीतसर चिठ्ठी बांधली, आणि सोमवारी सकाळी इतर नमुन्यांबरोबर ग्रेगच्या टेबलावर ठेवलं. ग्रेगही मूळचा भूगर्भवालाच. त्याने पिशवी उघडली, काडतूस खिडकीच्या उजेडात धरलं, आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे एवढंच म्हणाला, "वेल, शिट." दुपारी त्याने स्वतः दुकानात येऊन कडक शिशाचे डबे नेले. माझ्याशी हात मिळवला, जरा जास्तच जोरात.

ती परीक्षा पास झाली आणि जूनमध्ये उत्तरेकडे गेली. जाताना नीलाने तिला तिळाची चटणी आणि भाजणी बांधून दिली. मी काडतुसांचा डबा इतरांना द्यायचो तसाच दिला, आणि सांगायचं ते सांगितलं. काडतुसं कोरडी ठेव. अंगावर आलं तर पहिली गोळी घाईत जाणार, ती जाऊ दे, दुसरी नीट झाड. अस्वलाच्या डोक्यावर नको, खांद्यामागे. ती हो हो म्हणाली.

उन्हाळा गेला. मी रोज कुणाला तरी काडतुसं विकत होतो, पण मनाच्या मागे ती ओढ्याच्या कडेने चालत होती. बातम्यांत अस्वल म्हटलं की आवाज मोठा करायचो. हे नीलाच्या लक्षात आलं होतं.

सप्टेंबर संपता संपता ती दुकानात आली. उन्हाने काळवंडली होती, केस कापलेले. काउंटरशी उभी राहून म्हणाली, "काका, वापराव्या लागल्या गोळ्या."

मी पलीकडच्या गिऱ्हाइकाला डगकडे पाठवलं.

तिने सांगितलं ते असं. ओढ्याला पाणी खूप होतं, आवाजात काही ऐकू येत नव्हतं. वळणावर अस्वलाने मारून पाल्याखाली झाकून ठेवलेला मूस, म्हणजे तिकडचं थोराड सांबर, होता, आणि ते दोघं नकळत त्याच्या जवळ पोचले. झुडपातून ते अस्वल, मोठं तपकिरी ग्रिझली, आलं ते सरळ. टायलर पुढे होता. अस्वलाला पळवायचा मिरचीचा फवारा त्याच्या हातात होता, पण वारा उलटा. तो मागे पडला. अश्विनीने पहिली गोळी झाडली ती कुठे गेली तिला माहीत नाही. दुसरी खांद्यामागे बसली. अस्वल टायलरच्या बुटापाशी कोसळलं. टायलर जिवंत होता, खरचटलंसुद्धा नव्हतं.

मला त्या क्षणी अभिमान वाटला, तो लपवत नाही. कारखान्यात मी इतकी काडतुसं तपासली, एकाचंही पुढे काय झालं हे मला कधी कळलं नव्हतं. मी विचारत सुटलो. किती अंतरावरून? कुठल्या बाजूने? गोळी आरपार गेली का? सिलिंडर नीट फिरला? तिने सगळ्याची नीट, मोजकी उत्तरं दिली. हो, आरपार गेली. हो, सिलिंडर फिरला. वनखात्याची माणसं हेलिकॉप्टरने आली, त्यांनी सगळं पाहिलं, तिचं काही चुकलं नाही म्हणाले.

"म्हणजे निवड बरोबर होती आपली," मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली. "पण आता माझा एक प्रश्न आहे. अस्वलाची मादी होती ती, मेली नाही काका. पडली, पण मेली नाही. श्वास घेऊन राहिली होती. उठायला बघायची आणि पडायची. आवाज करायची. टायलर रडून राहिला होता. मी उभी. मला वाटलं, आता थांबेल, आता थांबेल. दुसरी नीट झाड म्हणाले होते तुम्ही. तिसरीचं काहीच नव्हतं सांगितलं."

मी हातातलं काम बाजूला ठेवलं.

"जवळ जावं लागतं," ती म्हणाली. "तुम्ही कसं केलं असतं?"

"मला माहीत नाही, अश्विनी," मी म्हणालो. "मी आजवर कुठल्या जिवंत प्राण्यावर गोळी झाडलेली नाही."

"एकदाही नाही?"

"कागदावर. ओल्या डिरेक्टऱ्यांवर. आमच्या घरात अंडंसुद्धा माझं लग्न झाल्यावर आलं."

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. आपल्याला वाटत होतं त्याहून हा माणूस वेगळा आहे, हे कळल्यावर माणूस बघतो तसं. मग तिने पिशवी खाली ठेवली, हातमोजे काढले, आणि काउंटरवर बोटाने अस्वलाचा आकार काढून मला समजावायला लागली. वाऱ्याकडून जायचं नाही. मागून, पाठीच्या बाजूने जायचं, पंजांच्या बाजूने कधीच नाही. आधी थांबून छाती हलतेय का ते बघायचं, आणि आपल्या हाताचं थरथरणं थांबेपर्यंत जवळ जायचं नाही, कारण तेव्हा चुकलं तर त्याला आणखी सोसावं लागतं. नेम कानाच्या मागे. आणि नंतर ताबडतोब वळून जायचं नाही. शेवटपर्यंत उभं राहायचं, म्हणजे नक्की कळतं. मी तिला डिरेक्टऱ्यांबद्दल जसं सांगितलं होतं, तसं ती मला एकेक पायरी सांगत होती, आणि सांगताना तिचा आवाज स्थिर होता. शेवटी म्हणाली, "तिसरीपर्यंत मी खूप वेळ घेतला. तेवढं तिला उगाच सोसावं लागलं. दुसऱ्या कुणाचं असं होऊ नये."

मग तिने पुढच्या उन्हाळ्यासाठी त्याच गोळ्यांचा डबा मागितला. मी दिला.

निवृत्त होईपर्यंत त्या काउंटरवर जो कुणी अस्वलासाठी म्हणून मॅग्नम काडतुसं मागायला आला, त्याला मी रिव्हॉल्व्हरचं वजन, गोळीचं वजन, चिमटी, भडका, सगळं आधीसारखंच सांगत गेलो. पण दुसऱ्या गोळीपाशी थांबलो नाही. लोकांना ते ऐकायला नको असायचं. डबा उचलून, हसून म्हणायचे, "लेट्स होप इट नेव्हर कम्स टू दॅट." मी म्हणायचो, होप करा. पण डबा खाली ठेवा आणि तिसरी कशी झाडायची ते ऐकून मग जा. ज्या बाईने ती झाडली, तिने मला सांगितलंय.